नोकरीसाठी अवाढव्य शहरात जायचं की नाही: ऑफर आल्यापासून उत्तर देईपर्यंत काय काय तपासायचं

ऑफर लेटर आलं की पहिले दोन दिवस सगळे एकच विचारतात, पॅकेज किती. घरचे, मित्र, जुन्या ऑफिसातले, सगळे. आणि आपणही तोच आकडा मनात घोळवत बसतो, महिन्याला किती जास्त येतील, त्यातून काय काय होईल. मीही तेच केलं होतं. मग त्या शहरात गेलो, चार वर्षं राहिलो, आणि त्यातले पहिले सोळा महिने रोज ऑफिसला जायला एक तास चाळीस मिनिटं आणि परत यायला त्याहून जास्त असा प्रवास केला. नंतर घर बदललं, ऑफिसपासून पंचवीस मिनिटांवर आलो, आणि तेच शहर, तीच नोकरी, तोच पगार असूनही दिवस इतका वेगळा झाला की तेव्हा लक्षात आलं, यायच्या आधी महिनाभर मी भलत्याच प्रश्नावर डोकं शिणवलं होतं.

"ते शहर कसं आहे" हा तो प्रश्न. लॉस एंजेलिस हे नुसतं शहर धरलं तरी साधारण १२०० चौरस किलोमीटर आहे, उपनगरं वेगळीच. टोकियोच्या महानगरात साडेतीन कोटींच्या वर लोक राहतात. एवढ्या पसाऱ्याला चांगलं किंवा वाईट म्हणून काही हाती लागत नाही, कारण त्यात अख्ख्या शहरात कोणीच राहत नाही. तुम्ही राहणार एका वस्तीत, काम करणार दुसऱ्या एका बिल्डिंगमध्ये, आणि उरलेला दिवस या दोन दारांच्या मध्ये जाणार. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्या या दोन दारांभोवती फिरतात. दोन-तीन आठवडे हातात असतील तर सगळं नीट होतं, आठवडाच असेल तर निदान दुसरी, तिसरी आणि चौथी पायरी सोडू नका.

पहिली पायरी: का जायचंय ते कागदावर

मोबाइलवर नको, कागदावर, आणि तीन ओळींत. जास्त पैसे, हे कारण चालतं पण कशासाठी ते लिहा, कर्ज फेडायचंय, शिक्षणासाठी साठवायचेत, जे असेल ते. आपल्या कामात इथे पुढे जागाच नाही, हे कारण चालतं. इथून बाहेर पडायचंय, हेही चालतं, पण मग ते तसंच लिहा, त्याला करिअरचं नाव देऊ नका, कारण बाहेर पडायचं असेल तर त्यासाठी त्याच शहरात जायला हवं असं नसतं. नेण्यासारखं माणूस सोबत असेल, नवरा-बायको-पार्टनर, तर त्यांनी वेगळ्या कागदावर लिहायचं आणि मग दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. हे वीस मिनिटांचं काम आहे पण नंतर हाच कागद लागतो, म्हणून टाकू नका.

दुसरी पायरी: तुम्ही नेमके कुठे बसणार ते लेखी मिळवा

यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण माझं इथेच चुकलं. माझा इंटरव्ह्यू झाला शहराच्या मध्यभागी, स्टेशनला लागून असलेल्या ऑफिसात, मी तिथून चालत जाता येईल अशी घरं बघितली, आणि जॉइन झाल्यावर कळलं की आमची टीम शहराच्या दुसऱ्या टोकाला बसते. कोणी खोटं बोललं नव्हतं, मी विचारलंच नव्हतं. पसरलेल्या शहरात कंपन्यांची दोन-तीन ऑफिसं असणं अगदी कॉमन आहे, आणि त्यांच्यात चाळीस किलोमीटर अंतर असू शकतं.

तर एचआरला ईमेल करा, फोन नको. विचारायचं ते असं: माझी टीम कोणत्या पत्त्यावर बसते, मी पहिल्या दिवसापासून तिथेच असणार का, आठवड्यातून किती दिवस यायचंय आणि ते दिवस कोण ठरवतं, येण्याजाण्याची वेळ पक्की आहे की पुढेमागे होते, क्लायंटकडे किंवा साइटवर पाठवतात का, आणि पुढच्या वर्षभरात ऑफिस हलवायचा विचार आहे का. शेवटच्या प्रश्नाला बऱ्याचदा गुळमुळीत उत्तर येतं. तेही उत्तरच धरा. "सध्या घरून काम चालतं" यातल्या सध्या या शब्दावर भरवसा ठेवून लांब घर घेऊ नका, जे लेटरमध्ये लिहिलंय तेवढंच तुमचं.

तिसरी पायरी: किलोमीटर विसरा, मिनिटं मोजा

आता नकाशा उघडा. आपल्याला सवय असते अंतर विचारायची, "पंधरा किलोमीटर आहे ना, मग काय". पसरलेल्या शहरात पंधरा किलोमीटर म्हणजे रविवारी सकाळी पंचवीस मिनिटं आणि मंगळवारी संध्याकाळी दीड तास असू शकतो. म्हणून मॅपमध्ये "इतक्या वाजता पोहोचायचंय" हा ऑप्शन लावून मंगळवार, बुधवार, गुरुवारचा वेळ बघा, जाताना वेगळा आणि येताना वेगळा, कारण दोन्ही सारखे कधीच नसतात. मॅप एक रेंज दाखवतो, पंचेचाळीस मिनिटं ते एक तास वीस असं काहीतरी, त्यातला मोठा आकडा घ्या. त्यात घरातून खाली उतरून स्टॉपपर्यंत चालणं, वाट बघणं, गाडी बदलणं किंवा पार्किंग शोधणं, आणि ऑफिसच्या गेटपासून टेबलापर्यंत पोहोचणं हे सगळं जोडा. मोठ्या कॅम्पसमध्ये नुसतं गेट ते टेबल दहा मिनिटं जातात. दार ते दार असा आकडा आला पाहिजे.

सरासरी घेऊन चालत नाही हे विशेष सांगतो. ऑफिसला वेळेवर पोहोचायचं तर तुम्ही रोज वाईट दिवसाच्या हिशोबानेच निघणार. दहा दिवस रोज त्याच वेळेला मॅप बघून आकडा लिहून ठेवा आणि त्यातला दुसरा सगळ्यात वाईट आकडा हा तुमचा खरा प्रवास समजा.

मग हे गणित करा. एका बाजूचे दीड तास म्हणजे रोजचे तीन, वर्षाचे २४० कामाचे दिवस धरले तर ७२० तास, म्हणजे आठ तासांचे ९० दिवस. आता पगार. समजा सध्या तुम्हाला दिवसाचे १०० मिळतात, आठ तास काम आणि एक तास येणंजाणं, नऊ तासांचे १००, तासाला ११ च्या आसपास. नवीन ठिकाणी १३०, पण आठ तास काम आणि तीन तास प्रवास, अकरा तासांचे १३०, म्हणजे तासाला १२ पण नाही. तीस टक्क्यांची वाढ तासाच्या हिशोबात सहा टक्क्यांवर आली, आणि अजून भाड्याचा विषय निघालेलाच नाही. याच उदाहरणात पगार २२ टक्क्यांनी वाढला असता तर ती वाढ नुसती प्रवासानेच खाल्ली असती.

"होते सवय" असं लोक म्हणतात. मोठ्या घराची सवय होते, ते खरंय, तीन महिन्यांनी जास्तीची खोली दिसेनाशी होते. प्रवासाची तशी होत नाही, कारण तो रोज वेगळा त्रास देतो. डॅनियल कानेमन हा मानसशास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार बायकांना आदल्या दिवसातली एकेक गोष्ट करताना कसं वाटलं ते विचारलं होतं, २००४ साली ते छापून आलं, आणि सकाळचा ऑफिसचा प्रवास यादीत अगदी तळाला होता. ब्रुनो फ्राय आणि अलोइस स्टुट्झर या स्विस अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतली आकडेवारी तपासली. अर्थशास्त्राच्या पुस्तकी हिशोबाने लांब राहणाऱ्याला स्वस्त घर किंवा जास्त पगार मिळून भरपाई व्हायला हवी, पण त्यांना दिसलं की लांबचा प्रवास करणारी माणसं आयुष्याबद्दल एकूण कमी समाधानी आहेत, भरपाई पुरी पडत नाही.

मग किती प्रवास चालेल? चेझारे मार्केटी या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये याकोव झहावी या वाहतूक अभ्यासकाच्या कामावरून मांडलं होतं की माणूस रोजच्या येण्याजाण्यात सरासरी तासभर घालवतो, पायी असो की गाडीने, आणि वाहन वेगवान झालं की तो वेळ वाचवत नाही, आणखी लांब राहायला जातो. शहरं अशी पसरली त्यामागे हे मोठं कारण आहे. माझं स्वतःचं मत असं, की पाच दिवस जायचं असेल तर वाईट दिवशी एका बाजूला पंचेचाळीस मिनिटांपर्यंत ठीक, तासापर्यंत बसायला मिळत असेल तर ओढता येतं, त्यापुढे गेलं तर घर बदला किंवा ऑफर सोडा. आठवड्यातून दोनच दिवस जायचं असेल तर दीड तासही चालून जातो, तिथे मी कडक नाही.

अजून एक. ब्रोकर हमखास सांगणार की नवीन रस्ता होतोय, रुंदीकरण चालू आहे, दोन वर्षांत सगळं मोकळं. हे गणितात धरू नका. अँथनी डाउन्स या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९६२ मध्येच लिहिलं होतं की गर्दीच्या वेळी मोठे रस्ते पुन्हा भरेपर्यंत गाड्या वाढत जातात, आणि जिल द्युरांतों आणि मॅथ्यू टर्नर या अर्थतज्ज्ञांनी २०११ मध्ये अमेरिकेतली आकडेवारी घेऊन दाखवलं की रस्ते जेवढे वाढतात साधारण त्याच प्रमाणात गाड्यांचं धावणंही वाढतं. ह्यूस्टनमधला केटी फ्रीवे हा महामार्ग काही ठिकाणी सर्व्हिस रोड धरून २६ लेनचा केला, आणि थोड्याच वर्षांत गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबला. मेट्रो किंवा ट्रेन असेल तर आज चालू असलेलं स्टेशन धरा, बोर्डावर रंगवलेलं नाही.

चौथी पायरी: पैसे, पण हातात येणारे

पॅकेजमधून टॅक्स, कपात, वर्षाअखेरी मिळालाच तर मिळणारा बोनस हे सगळं काढा आणि दर महिन्याला खात्यात काय पडणार तो आकडा घ्या. त्याला १०० म्हणा. आता ऑफिसपासून तुम्ही ठरवलेल्या मिनिटांच्या आतल्या वस्तीत, तुम्हाला खरंच राहवेल असं घर किती भाड्याने मिळतं ते बघा, जाहिरातीतलं सगळ्यात स्वस्त नको, दहा जाहिराती बघून मधला आकडा घ्या.

घरावर कमाईच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त नको, असा एक नियम सगळीकडे ऐकू येतो, तो मुळात अमेरिकेतल्या सरकारी घरांच्या भाड्याचा, १९६९ मध्ये २५ टक्के होता, १९८१ मध्ये ३० केला. नियम म्हणून ठीक आहे, पण पसरलेल्या शहरात तो फसवतो, कारण लांब गेलात की भाडं ३० वरून २२ वर येतं आणि पेट्रोल, पास, पार्किंग, कधीमधी टॅक्सी यात १८ जातात, म्हणजे एकूण ४०. जवळ राहिलात तर भाडं ३५ आणि प्रवास ३, एकूण ३८. म्हणून दोन्ही एकत्रच बघायचं. घर आणि प्रवास मिळून ४५ टक्क्यांच्या आत, ही मोजपट्टी शिकागोची सेंटर फॉर नेबरहूड टेक्नॉलॉजी ही संस्था वापरते, आणि मला ती जास्त पटते. लांबचं घर घेतल्यामुळे जर घरात दुसरी गाडी घ्यावी लागणार असेल तर तिचा हप्ता, विमा, देखभाल हे भाड्यातच धरा.

यानंतर लोक विसरतात ते खर्च: डिपॉझिट, ब्रोकर, सामान हलवणं, नवीन घरात लागणाऱ्या बारीकसारीक वस्तू, पहिला पगार येईपर्यंतचा महिना, आणि वर्षातून जितक्या वेळा घरी जाल तितकी तिकिटं. घरचे मागे राहणार असतील तर दोन चुली चालणार, दोन भाडी, दोन लाइट बिलं. याची बेरीज करून महिन्याच्या जास्तीच्या बचतीने भागा. समजा सगळं हलवायला ३०० लागले, परत मिळणारं डिपॉझिट सोडून, आणि नवीन नोकरीत सगळे खर्च जाऊन आत्तापेक्षा महिन्याला १५ जास्त उरतात, तर वीस महिने झाल्यावर तुम्ही आत्ता आहात तिथे याल. काम वर्षभराच्या कॉन्ट्रॅक्टवर असेल तर पैशासाठी जाण्यात अर्थ उरला नाही. बघा, इथे पहिल्या पायरीतला कागद काढावा लागतो.

पाचवी पायरी: सोबतच्या माणसांचे पत्ते

दोघं नोकरी करणार असाल तर दोन ऑफिसं, आणि ती पसरलेल्या शहरात एका दिशेला असण्याची शक्यता कमीच. बरेच जण बरोबर मधोमध घर घेतात आणि दोघंही रोज तास-सव्वा तास जातात. मला हे पटत नाही. ज्याला रोज जावं लागतं, ज्याची वेळ पक्की आहे, किंवा जे मुलांना शाळेतून आणणार, त्याच्या जवळ घर घ्यावं. ब्रिटनमधल्या पाहणीवरून २०११ मध्ये एक अभ्यास झाला, जेनिफर रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांचा, त्यात प्रवासाचा मानसिक ताण बायकांवर ठळक दिसला आणि पुरुषांवर तसा दिसला नाही, आणि कारण म्हणून त्यांनी घरातल्या कामांचा जास्तीचा भार सांगितला. म्हणजे बाहेर तीन तास घालवून आल्यावर घरातलं तिचं काम तेवढंच राहतं. तुमच्या घरात संध्याकाळी साडेसहाला कोण असणार हे नाव घेऊन ठरवा, "बघू मॅनेज करू" म्हणून सोडू नका.

मुलं असतील तर शाळेचं वर्ष कधी सुरू होतं, प्रवेश कधी बंद होतो, आणि शाळा घराकडे हवी की ऑफिसकडे हे आधी. आईवडील सोबत येणार असतील तर रात्री दोन वाजता कोणत्या हॉस्पिटलला जाणार आणि किती वेळात, हे मॅपवर बघून ठेवा. आणि ते येणार नसतील, मागेच राहणार असतील, तर दार ते दार त्यांच्यापर्यंत पोहोचायला किती तास, हाही एक आकडा आहे, विमानाचा नुसता उडण्याचा वेळ नाही.

सहावी पायरी: या नोकरीनंतरची नोकरी

इथपर्यंत मी सगळं जायच्या विरोधात बोलतोय असं वाटेल, पण मोठ्या शहराची खरी ताकद इथे आहे आणि ती मी अनुभवली आहे. ही नोकरी गेली तर दुसरी शोधायला गाव सोडावं लागत नाही. होर्खे दे ला रोका आणि दिएगो पुगा या अर्थतज्ज्ञांनी स्पेनमधल्या कामगारांच्या नोंदी वर्षानुवर्षं तपासून २०१७ मध्ये दाखवलं की मोठ्या शहरात मिळणाऱ्या जास्त पगाराचा बराच भाग तिथे काम करता करता साठणाऱ्या अनुभवातून हळूहळू येतो, आणि तिथून छोट्या गावी परत गेलं तरी त्या अनुभवाची किंमत बऱ्यापैकी सोबत राहते. म्हणजे पहिल्या वर्षाच्या पगारावरून सगळा हिशोब करू नका, आणि चार वर्षांनी परत यायचं ठरलं तर ती वर्षं वाया गेली असंही समजू नका.

पण हे मिळतं तुमच्या आवाक्यातल्या शहरात. म्हणून तपासायचं असं: तुमच्या घरापासून तासाभरात पोहोचता येतील अशा, तुमच्या कामाच्या किती जागा आज जाहिरातीत आहेत आणि त्या किती वेगवेगळ्या कंपन्यांच्या आहेत. पाच-सहा कंपन्या निघाल्या तर बरं. एकच निघाली तर शहर कितीही मोठं असो, तुम्ही एका मालकाच्या गावात राहायला चालला आहात. आणि ओळखी. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये मांडलं की नोकरीची खबर जवळच्या मित्रांपेक्षा लांबच्या ओळखीतून जास्त येते. त्या ओळखी संध्याकाळी कुठेतरी जाऊन होतात, आणि रोज साडेनऊला घरी पोहोचणाऱ्या माणसाला ती संध्याकाळच नसते, मला सोळा महिने नव्हती.

सातवी पायरी: आठवडाभर तिथे राहून बघा

फिरायला नाही. ज्या वस्तीत घर घ्यायचा विचार आहे तिथेच भाड्याची खोली घ्या आणि कामाच्या दिवशी, ऑफिसच्या वेळेला, ऑफिसपर्यंत जाऊन या, निदान तीन दिवस, त्यात एक सोमवार आणि एक शुक्रवार. संध्याकाळी परत आल्यावर किती जीव उरलाय ते बघा. रात्री दहाला त्या रस्त्याने चालून बघा. भाजी, औषधं, दवाखाना यातलं चालत जाण्यासारखं काय आहे ते बघा, कारण प्रत्येक गोष्टीला गाडी काढावी लागली तर सुट्टीचा दिवसही रस्त्यावरच जातो.

पुढच्या टीममधल्या कोणाशी बोलता आलं तर "ट्रॅफिक कसं असतं" विचारू नका, सगळे म्हणतात चालतं. विचारा, काल घरून किती वाजता निघालात आणि परत किती वाजता पोहोचलात. आणि याआधी कुठे राहायचात, का बदललं. या दुसऱ्या प्रश्नावर लोक अर्धा तास बोलतात आणि त्यात तुम्हाला हवं ते सगळं मिळतं.

आठवी पायरी: सही करायच्या आधी मागा

ऑफर पक्की झाल्यावर आणि हो म्हणायच्या आधी, हेच मागण्याचे दिवस असतात. सामान हलवायचा खर्च, पहिला महिना राहायची सोय, घरून कामाचे दिवस लेखी, किंवा गर्दी टाळून लवकर येऊन लवकर निघायची मुभा. पगार वाढवायला तयार नसलेला मॅनेजरही वेळेची मुभा बऱ्याचदा देतो, आणि सातऐवजी साडेसहाला निघता आलं तर काही रस्त्यांवर अर्धा तास वाचतो. तिसऱ्या पायरीतले आकडे घेऊन बोला, "लांब पडेल" म्हणण्यापेक्षा "दार ते दार एक तास वीस लागतो, दोन दिवस घरून मिळाले तर आठवड्याला पाच तास वीस मिनिटं वाचतात" हे जास्त चालतं.

नववी पायरी: गेलात तर असे जा

पहिलं घर छोटं आणि ऑफिसच्या जवळ, भले महाग वाटलं तरी, आणि लॉक-इन, म्हणजे घर सोडता येत नाही ती मुदत, सहा महिन्यांपेक्षा जास्त नको. प्रोबेशन संपेपर्यंत घर विकत घ्यायचं नाही, इथलं घर विकायचं नाही, जमलं तर भाड्याने द्या. सगळं सामान नेऊ नका. कुटुंब दुसऱ्या टप्प्यात आलं तरी चालतं, पण तारीख ठरवून, नाहीतर तो टप्पा दोन वर्षं लांबतो.

आणि परतीच्या अटी जायच्या आधी लिहून ठेवा, त्याच पहिल्या कागदाच्या मागे. उदाहरणार्थ, आठ महिन्यांनंतरही महिन्याला ठरवलेली बचत होत नसेल, किंवा ऑफिस हलवल्याने प्रवास सव्वा तासाच्या वर गेला, किंवा सोबतच्या माणसाला सहा महिन्यांत काम मिळालं नाही, तर घर बदलणार, ते जमलं नाही तर नोकरी बदलणार, तेही नाही जमलं तर परत येणार. तारीख कॅलेंडरमध्ये टाका. तिथे पोहोचल्यावर माणूस ओढत राहतो, अजून एक वर्ष, अजून एक इन्क्रिमेंट, म्हणून हे डोकं शांत असताना, इथे घरात बसून लिहायचं असतं.

उत्तर नाही असं निघालं तर एचआरला वेळेत कळवा आणि खरं कारण सांगा, प्रवास आणि घरखर्च जमत नाही म्हणून. सोबत विचारून ठेवा की हेच काम लांबून करता येईल का, किंवा त्यांचं दुसऱ्या शहरात ऑफिस आहे का. माझ्या एका सहकारी मैत्रिणीने असंच सांगून नकार दिला होता, आणि सात महिन्यांनी त्यांनीच फोन करून तिला घरून करायचं काम दिलं.